पोरं खेळणार आणि आपण पिशव्या धरणार

रविवारी संध्याकाळी पोरांना घेऊन जायचं कुठं, हा प्रश्न आमच्या घरात बरोबर साडेचारला निघतो, साडेपाचपर्यंत चालतो, मग कंटाळून कुणीतरी गाडीची किल्ली उचलतं आणि आम्ही परत गणपती मंदिरात. दर्शन, घाटावर एक चक्कर, भेळ, घर. कोल्हापूरवाल्यांना रंकाळा आहे, आपल्याला काय आहे, हे वाक्य दर रविवारी एकदा तरी होतंच, आणि हे माझ्या एकटीच्या घरातलं नाही, सांगलीत कुणालाही विचारा.

म्हणून सांगलीत मोठी बाग पाहिजे, फॅमिलीसाठी आकर्षणं पाहिजेत असं कुणी म्हणालं की मी पहिला हात वर करणारी. पण आकर्षणं म्हणजे नक्की काय, इथं आलं की माझं आणि बहुतेक लोकांचं फाटतं.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एका मोठ्या बागेत गेलो होतो. कुठल्या ते सांगत नाही, कारण तशी बाग आता प्रत्येक शहरात आहे. आत शिरायला तिकीट, मग मिनी ट्रेनला वेगळं तिकीट, जंपिंगला वेगळं, एका फायबरच्या डायनासोरची शेपटी मोडलेली (त्याच्याजवळ फोटो फुकट), म्युझिकल कारंजं होतं पण ते "शनिवारीच असतंय मॅडम". आमचं धाकटं पहिलीत आहे, ते ट्रेनमधे बसलं, दोन चकरा मारून आलं, जंपिंगवर दहा मिनिटं उड्या मारल्या, झालं. मोठी सातवीत आहे, ती कशालाच हात लावेना, म्हणाली मी काय बाळ आहे का, आणि मोबाईल काढून बसली. नवरा तिकिटाच्या लाइनीत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना टेकायला पाठ असलेलं बाकडं कुठंच नव्हतं, त्या झाडाच्या कट्ट्यावर बसल्या, त्याच्यावर मुंग्या. बाथरूमला कुलूप, किल्ली वॉचमनकडं, वॉचमन चहाला. मी चौघांच्या पाण्याच्या बाटल्या, स्वेटर आणि एक उरलेलं कणीस घेऊन उभी. दोन तासात साडेचारशे रुपये गेले. घरी येताना सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) म्हणाल्या, "अगं, पोरगं वीस मिनिटं खेळलं आणि आपण दोन तास उभं राहिलो, ह्याला फिरायला जाणं म्हणायचं का राखण?"

मला तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. बाग आखणाऱ्यांच्या मनात फॅमिली म्हणजे तीन ते दहा वयाचं एक पोरगं असतं आणि बाकीची सगळी त्याला आणायला आणि न्यायला आलेली. आजीनं काय करायचं, चौदा वर्षाच्या मुलीनं काय करायचं, आईनं काय करायचं ह्याचा विचारच नाही, आणि मग त्या एका पोराला खूष करायला जे आणतात ते पण असं की चार महिन्यात मोडणारं.

मी काही ट्रेनच्या विरोधात नाही बरं का. लहानपणी मे महिन्यात मामाकडं पुण्याला जायचो तेव्हा पेशवे पार्कातली फुलराणी ठरलेली असायची. ती १९५६ ला सुरू झाली, म्हणजे माझ्या मामीनं पण लहानपणी त्यात बसून घेतलेलं. आमच्या वेळी मामी आमच्यासोबत बसायची आणि त्या बोगद्यात आमच्यापेक्षा जास्त ओरडायची. तिकडचे प्राणी नंतर कात्रजला हलवले, बागेचं रूप बदललं, ट्रेन मधेमधे बंद पडली, परत सुरू झाली, पण टिकली कारण कुणीतरी दर वेळी तिला दुरुस्त करायला लावलं. पुणेकरांचा आरडाओरडा एवढा असतो की ती बंद ठेवायची कुणाची छाती होत नसावी, हा माझा अंदाज. आपल्याकडं एखादी गोष्ट बंद पडली की आपण म्हणतो, "चालतंयच की."

खरी गोम पैशात आहे. नवीन वस्तू बसवायला निधी मिळतो, भूमिपूजन होतं, नारळ फुटतो, फलकावर नावं येतात. पण त्याच वस्तूचं बेअरिंग बदलायला, तेल घालायला, पत्रा गंजला तर रंग मारायला वर्षाला जो खर्च लागतो तो महापालिकेच्या स्वतःच्या रोजच्या खर्चातून काढायचा असतो, आणि तिथं पाणी, कचरा, पगार ह्यांच्या मागं बागेचा नंबर लागतो, लागला तर. बेअरिंग बदलल्याचा फोटो कुणी काढत नाही. त्यामुळं झोपाळा मोडला की तो दुरुस्त करण्यापेक्षा पुढच्या निधीत नवीन ओपन जिमचा सेट येणं सोपं असतं, आणि मोडका झोपाळा तिथंच साखळी गुंडाळून उभा. पोरांना पण माहीत असतं, ती येतात, बघतात, साखळी सोडतात आणि एका बाजूनं लोंबकळतात, मग पडतात.

न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क सगळ्यांना सिनेमातून माहितीये, ८४३ एकर, आत लाकडी घोड्यांचं फिरतं मेरी-गो-राऊंड, पोरांसाठी २१ खेळाच्या जागा. पण तेच पार्क १९७० च्या दशकात एवढं खराब झालं होतं की लोक संध्याकाळी आत जायला घाबरायचे. मग १९८० ला लोकांनी मिळून एक संस्था काढली, कॉन्झर्व्हन्सी म्हणून, आणि त्यांनी पुढं जी पद्धत बसवली ती मला सगळ्यात आवडते. पार्काचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला एक माळी नेमला. तो तुकडा त्याचा. तिथलं गवत, तिथला कचरा, तिथलं मोडलेलं बाकडं, सगळ्याला तो जबाबदार, आणि रोज येणारी माणसं त्याला नावानं ओळखतात. अमेरिकेकडून एवढंच उचला असं मी म्हणीन, मेरी-गो-राऊंड नको. (बाय द वे त्या पार्कातल्या एका मैदानाला अजून शीप मेडो म्हणतात कारण १९३४ पर्यंत तिथं खरोखरची मेंढरं चरायची. आपल्याकडं धनगरांच्या मेंढरांना बागेच्या गेटवरूनच हाकलतात, आणि मग गवत कापायला मशीन घेतात.)

आता जागेचं बोलू, कारण मोठी बाग म्हटलं की पहिला प्रश्न जागा आहे कुठं. केंद्र सरकारच्या शहर नियोजनाच्या मार्गदर्शक सूचनांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरलीये. सांगली मिरज कुपवाडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाच लाखाच्या थोडी वर. कमीतकमी १० चौरस मीटर धरलं तरी ५० लाख चौरस मीटर झाले, म्हणजे ५०० हेक्टर, म्हणजे बाराशे एकराच्या वर. मी हा हिशोब तीनदा केला कारण मला पटेना. कागदावर आपल्याला जवळजवळ दीड सेंट्रल पार्क लागतात! आणि प्रत्यक्षात मोठी सावली म्हटलं की आपण संस्थानच्या काळातल्या आमराईचं नाव घेतो आणि पुढं थांबतो. आमराईत सकाळी जाऊन बघा, निवृत्त मास्तर, डायबेटिसवाले, नव्यानं चालायला लागलेल्या बायका, सगळे त्या झाडांच्या जिवावर येतात. तिकडं आकर्षण काय आहे विचाराल तर जुनी झाडं, बास. कुणाच्या तरी पणजोबाच्या वेळेला कुणीतरी लावली म्हणून.

मग जागा कुठून आणायची? माझं म्हणणं, कृष्णा नदीकडं बघा. पाटबंधारे खात्यानं नदीकाठच्या शहरांना पूररेषा आखून दिल्यात, निळी आणि लाल. साधं सांगायचं तर निळी म्हणजे साधारण २५ वर्षातून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथपर्यंत पोचेल ती, आणि लाल १०० वर्षातून एकदा येणाऱ्याची. नदी आणि निळी रेषा ह्यांच्या मधे बांधकाम चालत नाही, पण मैदान, बाग, मोकळी जागा चालते. म्हणजे नियमच सांगतोय की इथं बाग करा, आणि आपण काय करतो, तिथं भराव टाकून घरं बांधतो आणि मग २०१९ च्या पुरात छपरावर बसून होडीची वाट बघतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी, हे सांगलीतल्या पहिलीतल्या पोराला पण पाठ आहे, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथं जागा रिकामी ठेवणं ही चैन नाही हो, गरज आहे, आणि रिकामी ठेवायचीच आहे तर तिथं झाडं लावून लोकांना बसू द्या की.

लगेच कुणीतरी म्हणेल की नदीकाठची रानं शेतकऱ्यांची आहेत. बरोबर आहे, आणि मळीची रानं बागेसाठी काढून घ्या असं मी मुळीच म्हणणार नाही, कृष्णाकाठची वांगी खाऊन मोठी झालेली आहे मी. पण घाट सरकारी आहेत, ओढ्यांच्या कडा आहेत, पडीक प्लॉट आहेत, हरिपूरपर्यंत जाणारा रस्ता आहे. बाग गोलच असली पाहिजे असं कुठं लिहिलंय, लांब असू दे, पट्ट्यासारखी, घाटापासून हरिपूरच्या कृष्णा वारणा संगमापर्यंत माणसाला सावलीतून चालत जाता आलं तरी आपल्याला मोठी बाग मिळाली. श्रावणी सोमवारी संगमेश्वराच्या यात्रेला अर्धी सांगली हरिपूरला चालत जाते ना, पोरं खांद्यावर घेऊन, म्हातारी माणसं काठी टेकत. त्या दिवशी कुणी विचारत नाही की आकर्षण काय आहे.

आणि पूर येणार हे धरलं की कुठल्या गोष्टी बसवायच्या आणि कुठल्या नाही हे आपोआप ठरतं. ज्याला मोटर आहे, वायरिंग आहे, फायबर आहे ते सगळं एका पुरात गाळात. गाळ म्हणजे काय ते ज्यांनी आपल्या घरातून काढलाय त्यांना सांगायला नको, बेअरिंगमधे गेला की संपलं. पण दगडी पायऱ्या राहतात, वाळूचा हौद परत भरता येतो (गाळ काढून, तोही फुकटचं खत), मातीचा उंचवटा राहतो ज्याच्यावरून पोरं पुठ्ठ्यावर बसून घसरत येतात, आणि वाळुंज, करंज, जांभूळ, उंबर ही झाडं चार दिवस पाण्यात उभी राहून परत पालवतात. पोरांना घसरगुंडीपेक्षा मातीचा उतार जास्त आवडतो हे मी शपथेवर सांगते, बिल्डिंग बांधकामाच्या वाळूच्या ढिगावरून आमच्या पोराला घरी आणायला मला रोज भांडावं लागतं.

एक कल्पना सांगते, हसू नका. बागेत एक दगडी खांब उभा करा आणि त्याच्यावर पुराच्या खुणा मारा, २००५, २०१९, २०२१. पोरगं खांबाला पाठ लावून उभं राहील, बाबा वर बघेल, आजी सांगेल त्या रात्री आपण कुणाकडं होतो आणि म्हस कशी सोडली. ह्याला ना तिकीट, ना वीज. दुसरी, हरिपूरची हळदीची पेवं. जमिनीखाली खणलेली, आत हळद वर्षानुवर्षं टिकायची, बाहेरच्या जिल्ह्यातली माणसं बघून चकित व्हायची, आणि आपल्यातल्या किती पोरांनी बघितलीयेत? २००५ च्या पुरात पाणी शिरून पेवांचं लै नुकसान झालं. एखादं पेव नीट करून, वर जाळी टाकून, आत दिवा सोडून दाखवलं तर फायबरच्या डायनासोरपेक्षा ते भारी आहे, आणि ते जगात दुसरीकडं कुठं जाऊन बघायचं? प्राणीच दाखवायचे असतील तर जिल्ह्यात सागरेश्वर आहे, धों. म. मोहित्यांच्या खटपटीतून माणसांनी उभं केलेलं जंगल, मोकळी फिरणारी हरणं. बागेत पिंजऱ्यात ससे कोंडून काय मिळतं कुणास ठाऊक.

"असं काही केलं तर येणार कोण, पब्लिकला काहीतरी पाहिजे असतं", हे मला माझ्याच दिराने ऐकवलं. त्याला मी एवढंच विचारलं की पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की आयर्विन पुलावर कोण असतं. अख्खं गाव असतं! बायका, पोरं, छत्र्या, भडंगाच्या पुड्या, गाड्या इकडंतिकडं लावलेल्या, पोलीस शिट्ट्या मारून दमतात. १९२९ चा पूल, खाली लाल पाणी, बघायला काय, तर पाणी. सांगलीचं सगळ्यात मोठं फॅमिली आकर्षण हे आहे, आणि त्याला आजपर्यंत कुणी निधी दिला नाही. धोकादायक आहे ते, मान्य, पूर आल्यावर पुलावर जाऊच नये. पण ह्यातून एवढं तरी दिसतं की लोकांना बघायला आणि बोलायला एकत्र उभं राहायची जागा पाहिजे असते. दीर गप्प बसला, म्हणजे पटलं असं नाही, त्याचं कणीस संपलं होतं म्हणून उठला.

आता सातवीतल्या पोरीचं. ह्यावर कुणीच बोलत नाही म्हणून मी जरा जास्त बोलणार आहे. व्हिएन्नामधे १९९० च्या दशकात बागांची पाहणी केली तर दिसलं की नऊ दहा वर्षांनंतर मुली बागेत यायच्या कमी होतात आणि मुलं तशीच येत राहतात. कारण मोठं मोकळं मैदान एकच, ते पोरं धरून ठेवतात, आणि मुली तिथं जाऊन भांडत बसत नाहीत, घरी राहतात. मग त्यांनी १९९९ ला दोन बागा नव्यानं आखल्या, एका मोठ्या मैदानाचे लहान लहान कोपरे केले, व्हॉलीबॉल बॅडमिंटनच्या जागा केल्या, चालायच्या वाटा वाढवल्या, आणि मुली परत यायला लागल्या. हे वाचलं तेव्हा मला आमची आठवली, त्या कट्ट्यावर मोबाईल घेऊन बसलेली. आपण म्हणतो पोरी मोबाईलमधनं मान वर करत नाहीत. मान वर करून तिनं बघायचं काय, लहान पोरांचे झोपाळे की कट्ट्यावर पाय पसरून बसलेली पोरं? तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना बसून खिदळायला एक कोपरा, जिथून रस्ता दिसतो आणि रस्त्यावरनं त्या दिसतात, एक बॅडमिंटनचं नेट, संध्याकाळी सातला पण चालू असलेला दिवा, एवढंच लागतं. एवढ्याला कुठलं टेंडर लागतं का? लागत असेलही म्हणा, आपल्याकडं खुर्चीला पण लागतं.

तिकिटाबद्दल पण एक गोष्ट. मुंबईच्या राणीबागेत पेंग्विन आणल्यानंतर तिकीट पाच रुपयांवरून ५० झालं, आई बाप आणि दोन पोरं मिळून १०० ठेवलं, आणि तरी गर्दी आहे. ते तिथं चालतं, कारण मुंबई आहे, रोज हजारो माणसं येतात आणि पेंग्विनच्या एसीचं बिल निघतं. त्याच्यावरनं आपल्याकडं कुणी म्हणालं की आपण पण काहीतरी मोठं आणू आणि तिकीट लावू, तर पाच लाखाच्या गावात ते बिल निघणार नाही, आणि पहिल्यांदा बाहेर राहतील ती माणसं ज्यांना बागेची सगळ्यात जास्त गरज आहे. शंभर फुटी रस्त्यावर एका खोलीत सहाजण राहणाऱ्यांना रविवारी बाहेर बसायला जागा पाहिजे, मला तर गच्ची तरी आहे. बागेच्या गेटवर तिकीट नको, ह्यावर मी हटणार नाही. आतमधे एखादी ट्रेन असेल तर तिला तिकीट लावा, पण ती बागेच्या एका कोपऱ्यात, असं नको की बाकी बागेत नुसता फरशीचा चटका आणि ट्रेनच्या तिकिटाशिवाय करायला काही नाही.

फरशीवरनं आठवलं, सुशोभीकरण ह्या शब्दाची मला आता भीती वाटते. सुशोभीकरण झालं म्हणजे झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक, झाडाला पांढरा आणि तांबडा पट्टा, आणि एप्रिलमधे दुपारी चार वाजता तिथं उभं राहून दाखवावं कुणीतरी. आपल्याकडचा एप्रिल मे काय असतो ते सांगायला नको. बऱ्याच बागा दुपारी बंदच ठेवतात, म्हणजे ज्या वेळेला गरिबाच्या पत्र्याच्या घरात बसवत नाही, तेव्हा सावलीला कुलूप. मोठ्या झाडाखालची बाग दुपारी उघडी ठेवली तर आजी लोक पत्ते घेऊन येतील, रिक्षावाले जेवायला येतील, कॉलेजची पोरं अभ्यासाला येतील (येतील म्हणते, अभ्यास करतील असं नाही म्हणत). वॉचमनची एक शिफ्ट वाढेल, खर्च होईल. पण तो खर्च एका म्युझिकल कारंज्यापेक्षा कमीच असणार, कारण माणूस बंद पडला तर त्याच्या जागी दुसरा येतो, कारंजाचा पंप बंद पडला की पुण्याहून माणूस यायची वाट बघायची.

शहराच्या आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवतात तेव्हा कुणी बागेबद्दल लिहीत नाही, सगळे आपापल्या प्लॉटवरच्या आरक्षणाबद्दल लिहितात. पुढच्या वेळेला द्यायला म्हणून मी एक पानभर लिहून ठेवलंय. पाठ असलेली बाकडी, पिण्याचं पाणी, मातीचा उतार, खांब, बॅडमिंटनचं नेट, आणि प्रत्येक तुकड्याला एक माळी आणि एक मिस्त्री, त्यांचा पगार पहिल्या ओळीत आणि खेळण्यांचा खर्च त्याच्या खाली. आईंना वाचून दाखवलं, त्यांनी चष्मा लावून परत वाचलं आणि म्हणाल्या, "बाथरूमला आतून कडी पाहिजे, ते लिही. आणि पिशवी अडकवायला खिळा."